हिवाळी महालातल्या दालनांची जलरंगचित्रं: किती खरी, आणि कशी काढली

प्रश्न थोडक्यात असा: सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी महालातल्या, म्हणजे रशियन सम्राटांच्या निवासातल्या, दालनांची एकोणिसाव्या शतकातली जलरंगचित्रं फोटोइतकी बारीक दिसतात. ती समोर बसून काढली की मापं घेऊन? त्यांच्यावर विश्वास कितपत ठेवायचा? तसं एखादं दालन स्वतः काढायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि त्याच दरबारातल्या व्यक्तिचित्रांमध्ये दिसणारे पट्टे, तारे, फिती कशा वाचायच्या?

आधी सरळ उत्तर. ही चित्रं मापावर उभी आहेत आणि रंग समोर बसून लावलेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत हे ध्यानात ठेवलं की कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे बरंचसं आपोआप कळतं.

ही चित्रं इतक्या संख्येने का काढली गेली, हे आधी पाहू. १७ डिसेंबर १८३७ रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) महालाला आग लागली आणि आतली सजावट जवळजवळ सगळी जळाली. धूर पहिल्यांदा फील्डमार्शल दालनात जाणवला. तिथल्या लाकडी आतल्या भिंतीमागे धुराड्याशी जोडलेलं एक छिद्र बुजवायचं राहून गेलं होतं. योगायोग असा की चित्रकार सेर्गेई झार्यांको याने याच दालनाचं तैलचित्र १८३६ मध्ये, म्हणजे आदल्याच वर्षी केलं होतं. जळण्याआधीचं दालन कसं होतं याचा तो आज फार मोलाचा पुरावा आहे. वासिली स्तासोव आणि अलेक्सांद्र ब्र्युल्लोव या वास्तुविशारदांनी महाल पुन्हा उभा केला आणि १८३९ च्या ईस्टरला तो वापरात आला. पुढे, मुख्यतः १८५० आणि १८६० च्या दशकांत, दरबाराने दालनामागून दालनाची जलरंगचित्रं करून घेतली. एदुआर्द हाऊ, कॉन्स्तांतिन उख्तोम्स्की आणि लुइजी प्रेमाझ्झी ही त्यातली मोठी नावं. हाऊ रेव्हालचा, म्हणजे आजच्या टाल्लिनचा, प्रेमाझ्झी मिलानचा, उख्तोम्स्की शिक्षणाने वास्तुविशारद. त्याचं शिक्षण त्याच्या रेषेत उघड दिसतं. तो आधी खांब काढतो आणि मग खोली. हाऊ मात्र आधी खोलीतली हवा पकडतो.

रशियात या प्रकाराची आवड रुजली ती थोडी आधीच. फ्रेंच चित्रकार ग्रानेचं कॅपुचिन मठाच्या प्रार्थनागृहाचं चित्र १८२० मध्ये हर्मिटेजला, म्हणजे महालाला लागून असलेल्या राजसंग्रहात, आलं. ते पाहून रशियन चित्रकार अलेक्सेई वेनेत्सियानोव इतका भारावला की आपल्या खळ्याचं चित्र करताना त्याने कोठाराची पुढची भिंतच कापून काढली, आतला उजेड नीट दिसावा म्हणून. महालाच्या चित्रांतली पुढची भिंतही अशीच गायब असते. फरक एवढाच की ती कागदावर कापलेली असते.

आता हे तपासायचं कसं. हातात पट्टी आणि पेन्सिल असली की चित्राची चांगली छापील प्रत पुरते. महालातल्या दालनांना लाकडी फरशी असते आणि तिच्या नक्षीत चौरस सापडतातच. खोलीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या रेषा पुढे वाढवा. त्या एका बिंदूत मिळतात, तो व्हॅनिशिंग पॉइंट. त्यातून आडवी क्षितिजरेषा काढा. मग फरशीतल्या एका चौरसाचा कर्ण वाढवून क्षितिजरेषेपर्यंत न्या. तो जिथे टेकतो तो डिस्टन्स पॉइंट. व्हॅनिशिंग पॉइंटपासून त्याचं अंतर म्हणजे चित्रकाराने आपला डोळा कागदापासून किती दूर धरला ते अंतर.

यावरून दृष्टिकोनाचा आवाका निघतो. समजा चित्र ४० सेंटिमीटर रुंद आहे आणि व्हॅनिशिंग पॉइंट मधोमध. डिस्टन्स पॉइंट मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे कागदाच्या काठाबाहेर २० सेंटिमीटर पडला, तर आवाका सुमारे ५३ अंशांचा. एवढं माणूस आरामात पाहू शकतो. तोच बिंदू बरोबर कागदाच्या काठावर आला तर आवाका ९० अंशांचा, आणि काठाच्या आत आला तर त्याहूनही जास्त. अशा रुंद चित्रांत कोपऱ्यातल्या खुर्च्या आणि गोल टेबलं बाहेरच्या बाजूला ताणलेली दिसायला हवीत. ती गुबगुबीत आणि ठीकठाक दिसत असतील तर समजायचं की फर्निचर यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) चौकटीत न मोजता वेगळं पाहून नंतर बसवलं आहे. यात फसवणूक नाही; ताणलेली खुर्ची डोळ्याला चुकीची वाटते म्हणून कुशल चित्रकार ती मुद्दाम सावरतो. पण त्या खुर्चीवरून मापं काढायला गेलात तर चुकाल.

दुसरी तपासणी क्षितिजरेषेची. उभ्या माणसांची डोकी तिच्यावर असतील तर चित्रकार जमिनीवर उभा आहे, डोळा सुमारे १.६ मीटरवर. डोकी रेषेच्या बरीच खाली असतील तर तो उंचावर आहे किंवा दृश्य पूर्णपणे नकाशावरून रचलेलं आहे. मग माणसांची उंची दारांशी ताडून पाहा. दालन भव्य दिसावं म्हणून माणसं थोडी लहान काढण्याची लकब या काळात सर्रास आढळते. खुर्चीची बैठक साधारण ४५ आणि टेबल साधारण ७५ सेंटिमीटर असतं. जवळच्या माणसाशी ती जुळत नसेल तर माणूस नंतर घातलेला आहे.

हे सगळं एका चित्रावर पाहू. १८१२ च्या युद्धाची गॅलरी, हाऊ, १८६२. नेपोलियनविरुद्ध लढलेल्या सेनापतींची ३३२ व्यक्तिचित्रं जिथे आहेत तोच हा दिवाणखाना. कार्लो रॉस्सीने तो बांधला, १८२६ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. व्यक्तिचित्रं इंग्रज चित्रकार जॉर्ज डॉ आणि त्याचे मदतनीस अलेक्सांद्र पोल्याकोव व विल्हेल्म गोलिके यांनी केली. पोल्याकोव तर तेव्हा भूदास होता. तेरा चौकटींत चित्र नाही, फक्त हिरवं रेशीम आणि खाली सेनापतीचं नाव. आगीच्या रात्री सैनिकांनी ही सगळी चित्रं बाहेर काढली म्हणून ती वाचली. पण खोली जळाली आणि स्तासोवने ती नव्याने बांधली. ग्रिगोरी चेर्नेत्सोवने १८२७ मध्ये काढलेली गॅलरी आणि हाऊची १८६२ ची गॅलरी शेजारी ठेवा. चित्रं तीच, पण खोली वेगळी. स्तासोवने ती लांब केली आणि कॉर्निसच्या (भिंतीच्या वरच्या कडेच्या पुढे आलेल्या नक्षीपट्टीच्या) वर फिरता सज्जा दिला. चेर्नेत्सोवच्या चित्रात तो नाही. एखाद्या पुस्तकात गॅलरीचं चित्र कोणत्या काळातलं हे नीट दिलं नसेल, तर आधी तो सज्जा शोधा.

या गॅलरीत छोटी व्यक्तिचित्रं पाच ओळींत आहेत आणि प्रत्येक सुमारे ७० सेंटिमीटर उंच, ६२ सेंटिमीटर रुंद. आता कागदावर त्यांचं काय होतं ते मोजा. सूत्र सोपं आहे: डोळा ते कागद अंतर गुणिले वस्तूचं खरं माप, भागिले वस्तूपर्यंतचं खरं अंतर. डोळा कागदापासून २० सेंटिमीटर धरला, तर १० मीटरवरचं ७० सेंटिमीटरचं चित्र कागदावर १४ मिलिमीटर उंच येतं, ५० मीटरवरचं २.८ मिलिमीटर. रुंदीचं त्याहून वाईट, कारण ही चित्रं बाजूच्या भिंतीवर आहेत, तिरपी दिसतात. भिंत डोळ्यापासून बाजूला ३ मीटरवर धरली, तर १० मीटरवरच्या चौकटीची रुंदी कागदावर साडेतीन मिलिमीटर उरते आणि ५० मीटरवर जेमतेम ०.१५ मिलिमीटर, म्हणजे टोकदार पेन्सिलीच्या एका रेघेएवढी.

म्हणून प्रत्येक सेनापतीचा चेहरा काढायचा प्रयत्न करणारा हमखास फसतो. जवळच्या दोन-चार चौकटींत गडद कोट, फिकट चेहरा, लाल कॉलरचा एक ठिपका आणि खांद्यावर पिवळ्याची छटा, एवढं पुरतं. मधल्या चौकटींत चेहरा हा फक्त कागदाचा सोडलेला पांढरा ठिपका. शेवटच्या टोकाला चौकटी नाहीतच; लाल भिंतीवर सोनेरी उभ्या रेघांची लय आहे. डोळा ती लय पाहून मागच्या चौकटी स्वतः पुऱ्या करतो. शेवटापर्यंत सारख्याच तपशिलाने काढलं तर खोली खोल न दिसता भिंत उभी राहते.

आता स्वतः काढायचं असेल तर. रशियन भाषेत जाड ड्रॉइंग पेपरला आजही ‘व्हातमान’ म्हणतात, इंग्रज कागद-कारखानदार व्हॉटमनच्या नावावरून. तेवढा तो कागद तिथल्या चित्रकारांच्या हातात रुळला होता. आज त्याच्या जागी ३०० ग्रॅमचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा कापसाचा कागद घ्या. खडबडीत कागदावर खांबाची कड फाटते. कागद भिजवून बोर्डवर गमटेपने (पाणी लावून चिकटणाऱ्या कागदी पट्टीने) चारी बाजूंनी ताणून घ्या आणि पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत एका रात्रीत तो सुकत नाही. हात ठेवून थंड लागला तर अजून ओला आहे. ओल्या कागदावर रेषा आखली तर पेन्सिल खड्डा पाडते आणि पुढे वॉश (पाणीदार रंगाचा सपाट थर) त्या खड्ड्यात साचून काळी रेघ दिसते.

रेखाटन वेगळ्या कागदावर पूर्ण करा आणि मग ट्रेस करून उतरवा. मुख्य कागदावर खोडरबर चालवला की त्याची कातडी सुटते आणि तिथे रंग डागासारखा बसतो. डिस्टन्स पॉइंट बहुतेक वेळा कागदाबाहेर येतो, तेव्हा मोठ्या टेबलावर कागद चिकटवून बाहेर टाचणी ठोका आणि तिला टेकवून पट्टी फिरवा. फरशी आधी आखा, मग भिंती, मग छत. छताचे चौरसही त्याच डिस्टन्स पॉइंटवर तपासा. फरशी जुळते आणि छत जुळत नाही, अशी चूक नवशिक्यांत सर्वांत जास्त दिसते.

रंगाचा क्रम: आधी संपूर्ण कागदावर उजेडाचा उबदार फिकट वॉश, ज्यात खिडकीची बाजू कोरी. मग भिंतींचे सपाट वॉश एकाच दमात, वरून खाली, बोर्ड जरा तिरका ठेवून. भिंतीचा रंग दोन थरांत चढवा. तिसऱ्या थराला खालचे दोन सुटायला लागतात आणि चिखल होतो. मग सावल्या, मग नक्षी, शेवटी गडद ठिकाणी डिंकाच्या पाण्याची पातळ लेप. त्याने गडद रंगाला खोली येते. पण लेप जाड झाली तर वाळल्यावर चमकते आणि उन्हाळ्यात तडकते. अगदी शेवटी झुंबरांचे ठिपके, मोल्डिंगच्या कडा, आरशातल्या चमका यांसाठी थोडा अपारदर्शक पांढरा. विन्सर अँड न्यूटनने १८३४ पासून विकायला काढलेला झिंक व्हाइट हा या कामाला योग्य. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकयुक्त वायूने काळा पडतो. जुन्या जलरंगात एखाद्या झुंबराचे ठिपके राखाडी-काळे दिसले तर तो चित्रकाराचा दोष नाही, शिशाचा आहे.

सोनं मात्र सोनेरी रंगाने काढू नका. तो एका कोनातून चमकतो आणि दुसऱ्या कोनातून करडा पडतो. आधी पिवळा ऑकर, सावलीत बर्न्ट सिएना आणि किंचित सेपिया, चमकेसाठी पांढऱ्यात अगदी थोडं पिवळं. सोन्याच्या सावलीत शेजारच्या भिंतीचा रंग मिसळतो, हे विसरलं तर सोनं पितळ दिसतं. लाल दालनात सावली तांबूस, निळ्यात हिरवट.

मॅलाकाइट या हिरव्या दगडाचं दालन हे कसोटीचं काम. आगीत यास्पर दालन जळालं, तिथे ब्र्युल्लोवने ते १८३८-३९ मध्ये केलं. उख्तोम्स्कीचं १८६५ चं चित्र त्याचं सर्वांत चांगलं रूप. त्यातले खांब एकसंध दगडाचे नाहीत. मॅलाकाइटच्या पातळ चिपा खांबाच्या गाभ्यावर चिकटवून, नक्षी एका चिपेतून दुसरीत वाहताना दिसेल अशा जुळवल्या आहेत. याला रशियन मोझेक म्हणतात. त्यामुळे संगमरवरासारखी एक लांब शीर वरून खालपर्यंत काढली तर ते मॅलाकाइट दिसणार नाही. आधी फिकट, थंड हिरव्याचा वॉश द्या आणि उजेडाची उभी पट्टी कोरी सोडा. वाळल्यावर डोळ्यासारखी वर्तुळं आणि वळसे थोड्या गडद हिरव्याने टाका, पण हाताच्या रुंदीएवढ्या तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेशी वळसा जरासा मोडू द्या. मग खांबाच्या कडेला निळसर हिरव्याची सावली सलग घाला. तीच त्या सगळ्या तुकड्यांना एका दंडगोलात बांधते. रंगाला आज व्हिरिडियन चांगला; थॅलो हिरवा कागदावर ओरडतो आणि हाऊ-उख्तोम्स्कीच्या काळी तो नव्हताही.

आरशांबाबत एक गोष्ट. समोरच्या भिंतीवरच्या आरशात चित्रकाराच्या मागची भिंत दिसायला हवी, आणि खरं तर चित्रकारही. तो दिसत नाही. आरशातला भाग बहुतेक वेळा सौम्य, थोडा निळसर करून टाकलेला असतो. मागच्या भिंतीचा पुरावा म्हणून त्या आरशावर विसंबू नका.

विश्वास ठेवायला योग्य काय, तर भिंतींचे रंग, पडद्यांचे आकार, फर्निचरची मांडणी, चित्रांच्या जागा. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेला, सेंट पीटर्सबर्गजवळचा गाचिना महाल पुन्हा उभा करताना हाऊ आणि प्रेमाझ्झी यांच्या जलरंगांचा आधार घेतला गेला. तिथली पहिली दालनं १९८५ मध्ये उघडली. हिवाळी महालातल्या अनेक खाजगी खोल्या क्रांतीनंतर प्रदर्शनासाठी मोकळ्या केल्या गेल्या, त्यांची सजावट आज फक्त या कागदांवर आहे. हाऊने १८५७ मध्ये काढलेली सम्राट दुसऱ्या अलेक्सांद्रची अभ्यासिका पाहाल तर भिंतीवर चित्रांची किती दाटी होती ते कळतं; कोणतंही वर्णन वाचून ते कळलं नसतं.

रंगांवर विश्वास ठेवण्याआधी मात्र कड पाहा. त्या काळचा कार्माइन (लाल) आणि गॅम्बोज (पिवळा) उजेडात उडतो. लाल भिंत तपकिरी होते, हिरवी झाडं निळी पडतात. चौकटीखाली झाकलेली कड उघडी केली तर मूळ रंग दिसतो. अल्बममध्ये बंद राहिलेली चित्रं आजही ताजी असतात ती म्हणूनच. संग्रहालयात कागदावरची कामं साधारण ५० लक्स उजेडात आणि काही महिन्यांपुरतीच लावतात. घरी जलरंग खिडकीसमोर टांगलात तर काही वर्षांत तोच प्रयोग तुमच्याच चित्रावर होईल.

आता दरबारी व्यक्तिचित्रं. यात चेहऱ्याआधी पट्टा वाचा. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जाणारा आकाशी निळा रुंद पट्टा म्हणजे सेंट अँड्र्यू, सर्वांत वरचा सन्मान. डाव्या खांद्यावरून लाल म्हणजे अलेक्सांद्र नेव्स्की. लाल पण पिवळ्या काठाचा म्हणजे सेंट अॅना. स्त्रियांच्या अंगावर चंदेरी काठाचा लाल पट्टा म्हणजे सेंट कॅथरिन. राजघराण्यातल्या मुलग्याला सेंट अँड्र्यू बाप्तिस्म्याबरोबरच मिळत असे, मुलीला सेंट कॅथरिन; तेव्हा लहान मुलाच्या अंगावर निळा पट्टा दिसला म्हणून चित्राचा काळ चुकीचा ठरवू नका. तारा डाव्या छातीवर असतो, फक्त सेंट अॅनाचा उजव्या. निळा पट्टा डाव्या खांद्यावरून आणि तारा उजवीकडे दिसला तर प्रत उलटी छापली आहे. इंटरनेटवरच्या प्रतींत हे बऱ्याचदा घडतं.

दरबारी स्त्रियांचा पोशाख १८३४ मध्ये निकोलाय पहिल्याने नियमाने ठरवला: आत पांढरा सॅटिन, वर पुढून उघडा मखमली झगा, लांब शेपूट. मखमलीचा रंग पदावर. स्टाट्सडामांना (ज्येष्ठ दरबारी स्त्रियांना) हिरवा, सम्राज्ञीच्या फ्रायलिनांना (तरुण मानकरी सहचारिणींना) गर्द लाल. फ्रायलिनच्या डाव्या बाजूला निळ्या फितीवर सम्राज्ञीच्या आद्याक्षरांचं हिरेजडित चिन्ह असतं. स्टाट्सडामकडे त्याऐवजी सम्राज्ञीचं लघुचित्र. हे तपशील चित्रकाराने नीट घेतलेले असतात, कारण चूक झाली तर चित्रातल्या व्यक्तीचाच अपमान.

शैलीवरून ओळखायचं तर क्रिस्टिना रॉबर्टसन या स्कॉटिश चित्रकर्तीने १८४० च्या आसपास केलेल्या सम्राज्ञी आणि राजकन्यांच्या चित्रांत रेशीम पुढे येतं आणि हात थोडे लांबट होतात. जर्मन चित्रकार विंटरहाल्टरच्या १८५७ च्या सम्राज्ञी मारिया अलेक्सांद्रोव्नामध्ये मोती आणि ट्यूल (बारीक जाळीचं कापड) मोजक्या फटकाऱ्यांत बसतात, पण चेहरा अतिशय सावधपणे केलेला आहे. व्लादिमिर हाऊ हा एदुआर्दचा सावत्र भाऊ. त्याची लहान जलरंग व्यक्तिचित्रं पाहताना आधी चेहऱ्यावरचे बारीक ठिपके आणि मग कपड्यांचे सैल वॉश पाहा. या दोहोंतला फरक जिथे नाही, जिथे कपडेही चेहऱ्याइतक्याच ठिपक्यांनी भरले आहेत, तिथे ते नंतर कोणीतरी केलेली नक्कल असण्याची शक्यता बरीच आहे.